खर्जाची गिटार आणि हाताचे माप

डहाणूहून बोर्डीकडे किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ लागले की वाटेत चिखले लागते. एका बाजूला सुरूची झाडे आणि त्यापलीकडे समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, आणि आत पूर्वेकडे वारल्यांचे पाडे. एवढे सांगितले म्हणजे ज्यांनी हे गाव पाहिलेले नाही त्यांनाही त्याची कल्पना येईल. या गावातला एक मुलगा माझ्या वर्गात इतिहास शिकतो. शिकतो म्हणजे हजेरीपुरता वर्गात असतो. त्याचे चित्त सगळे संगीतात. लग्नसराईत वाजवणाऱ्या एका मंडळीत तो बास गिटार वाजवतो. दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशी तास संपल्यावर तो माझ्यापाशी आला आणि काही न बोलता त्याने डावा हात माझ्यापुढे पसरला.

"सर, हा हात लहान आहे का?"

हात पाहिला. नाखव्याच्या घरातला हात, दोरखंड ओढून राठ झालेला. पंजा मोठा नव्हता हे खरे, पण तो लहान आहे असेही कोणाच्या मनात आले नसते. मनगट मात्र सुजले होते. चौकशी केली तेव्हा कळले की दोन-अडीच तास वाजवले की अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत कळ येते, आणि मंडळीतल्या एका जाणत्या माणसाने निकाल देऊन टाकला आहे, "तुझा पंजाच लहान. बास तुझ्या हातातली नाही. वीक ती, आणि दुसरं काही वाजव." गिऱ्हाईकही ठरले होते. विकण्यापूर्वी सरांना विचारावे असे त्याला वाटले, कारण सर एके काळी बास वाजवीत असत असे त्याच्या कानावर आले होते.

ती अफवा दुर्दैवाने खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी, महाविद्यालयात असताना, स्नेहसंमेलनाच्या वाद्यवृंदासाठी मी उसनी आणलेली बास गिटार तीन महिने छातीशी धरून बसलो होतो. शिकवणारे गृहस्थ सज्जन होते, पण एके दिवशी माझी बोटे हातात घेऊन म्हणाले, "आखूड आहेत. देवाने दिलेली नाहीत त्याला मी काय करणार?" मी गिटार परत केली. त्यानंतर पंचवीस वर्षे माझी बोटे आखूड आहेत असे मी मानत आलो. वाचकहो, मौज पाहा. ज्याचा धंदाच मुळी प्रत्येक सनद, प्रत्येक ताम्रपट खरा की बनावट हे तपासून घेण्याचा, त्याने आपल्याविषयीचा एवढा मोठा निवाडा एकदाही पुरावा न मागता मान्य केला! त्या मुलाच्या सुजलेल्या मनगटाकडे पाहताना मला पहिल्यांदा विचारावेसे वाटले की हात आखूड खरा, पण कशाच्या मानाने? आणि ते माप ठरवले कोणी?

हा प्रश्न इतिहासाचा आहे. म्हणून त्याचे उत्तर जमेल तसे येथे मांडतो.

आधी शब्दांचा थोडा खुलासा करायला हवा. आपल्या सतारीला जशी दांडी असते तशीच गिटारलाही असते. वादक मंडळी तिला नेक म्हणतात. दांडीवर पडदे असतात. खुंट्यांच्या बाजूला एक लहानशी खाचांची पट्टी असते, तिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात. तिला नट म्हणतात. दुसऱ्या टोकाला घोडी. नट ते घोडी हे अंतर म्हणजे तारेची बोलती लांबी. दांडीची रुंदी सांगायची ती नटापाशी मोजून सांगतात, असा संकेत आहे. बास गिटार म्हणजे खर्जाची गिटार. तिला बहुधा चारच तारा असतात, आणि त्या नेहमीच्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली बोलतात. तारा जाड, अंतरे मोठी. तेव्हा हाताचा प्रश्न इथे जसा येतो तसा साध्या गिटारीत सहसा येत नाही.

आता आपल्याच परिसरापासून सुरुवात करू. वारल्यांचा तारपा सर्वांना माहीत आहे. चित्रांतून तो जगभर गेला. पण वारल्यांचे घांगळी नावाचे एक तंतुवाद्य आहे, ते त्या मानाने उपेक्षित राहिले. बांबूची दांडी, तिला बांधलेले भोपळे, वर तारा. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा सांगताना भगत ती वाजवतो. एका पाड्यावर एका वृद्ध वादकाला मी विचारले होते की बांबू किती जाडीचा घ्यायचा. माझी अपेक्षा होती की ते इतक्या अंगुळांचा, तितक्या पेरांचा असे काही सांगतील. त्यांनी नुसती मूठ मिटून दाखवली आणि म्हणाले, "एवढा." पुढे माझ्या मुठीकडे पाहून, "तुमचा वेगळा."

हे "तुमचा वेगळा" माझ्या मनात राहिले. जिथे वाद्य करणारा आणि वाजवणारा एकच असतो, तिथे हात आणि दांडी यांच्यात तंटा उद्भवतच नाही. बांबू कापतानाच तो मिटलेला असतो.

पुढची पायरी मिरजेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तिथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी करायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, ती घडवणारे. लढाया सरल्या, हत्यारांची मागणी गेली, आणि तीच हाताची करामत लाकडावर व भोपळ्यावर वळली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेस येऊ लागले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इथे करणारा निराळा आणि वाजवणारा निराळा. पण दोघे एकमेकांसमोर बसलेले असत. तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो, "कोणत्या पट्टीत गाता?" पुरुषाच्या आवाजाचा तंबोरा मोठा, बाईच्या आवाजाचा लहान. लहान तंबोरा म्हणजे कमी प्रतीचा तंबोरा असे तिथे कोणी म्हणत नाही. गळा जसा, तसे वाद्य.

आणि मिरजेची सतार हाती घेतली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सतारीची दांडी चांगली तीन-साडेतीन इंच रुंद असते. मग सतारिये सगळे राक्षसाच्या पंजाचे असतात काय? नाही. ती रुंदी मिंडीसाठी आहे. पडद्यावर तार आडवी ओढून एका जागी चार-पाच स्वर काढायचे तर तार सरकायला मैदान लागते. वाजवण्याचे मुख्य काम बाजाच्या तारेवर, दांडीच्या एका कडेला चालते; पलीकडच्या काठावर बोट पोहोचवण्याची कसरत तिथे नाही. तात्पर्य, रुंद दांडी वाईट आणि अरुंद चांगली, असे काही नसते. रुंदी कशासाठी आहे ते विचारावे लागते.

आता खर्जाकडे वळू. पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचे काम शतकानुशतके डबल बेस करीत आला. माणसाएवढे उंच लाकडी धूड; उभे राहून वाजवायचे. त्याच्या तारेची बोलती लांबी एक्केचाळीस-बेचाळीस इंच. पडदे नाहीत. एवढ्या लांबीवर शेजारच्या दोन स्वरांमधले अंतरच इतके मोठे की चार बोटांनी चार स्वर धरणे धिप्पाड माणसालाही जड जाई. मग त्या लोकांनी काय केले? व्हिएन्नात शिकवणारे फ्रान्झ सिमांड्ल (१८४०-१९१२) यांच्या नावाने आजही जी पद्धत शिकवतात तिच्यात खालच्या जागांवर तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच बोटे स्वर धरतात. अनामिका करंगळीच्या मदतीला राहते. चार स्वरांऐवजी तीन धरायचे आणि हात सरकवायचा. खर्ज वाजवणाऱ्या थोर थोर वादकांनी, आपली बोटे पुरत नाहीत हे उघडपणे मान्य करून, त्यावर काढलेला हा तोडगा आहे. माझ्या सज्जन शिक्षकांनी हा तोडगा मला सांगितला असता तर! असो.

डबल बेसला पडदे बसवून तो आडवा करण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत सिएटल येथे पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास केला, पण तो चालला नाही. चालला तो कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांचा. हा गृहस्थ आपल्याला विशेष जवळचा वाटावा असा आहे, कारण तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले; वादक आपापले ध्वनिवर्धक दुरुस्तीला आणीत, तक्रारी सांगत, आणि हा ऐकून घेई. स्वतः त्याला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारचे नाव प्रिसिजन बास. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. तारेची लांबी त्याने चौतीस इंच ठेवली. दांडी नटापाशी पावणेदोन इंच रुंद. लायनेल हॅम्प्टन यांच्या जाझ वाद्यवृंदात मंक माँटगोमेरी ही गिटार घेऊन उभे राहिले आणि मोटारीच्या टपावर डबल बेस बांधून गावोगाव हिंडणाऱ्या वादकांना नवी वाट दिसली.

हे चौतीस इंच आले कुठून? डबल बेसच्या बेचाळीसपेक्षा पुष्कळ कमी, साध्या गिटारच्या साडेपंचवीसपेक्षा पुष्कळ जास्त. खालची तार सैल न पडता गंभीर बोलावी, आणि वाद्य माणसाच्या गळ्यात अडकवता यावे, या दोहोंमधली ती तडजोड आहे. तडजोड चांगली ठरली, सगळ्या जगाने ती उचलली. पण तडजोड म्हणजे निसर्गनियम नव्हे, हे पुढच्या काही वर्षांतच दिसून आले. गिब्सन कंपनीने १९५३ साली साडेतीस इंचांची बास काढली. जर्मनीत हॉफनर कंपनीने १९५६ साली व्हायोलिनच्या आकाराची, तीस इंचांची, वजनाला हलकी अशी बास काढली. तीच १९६१ साली हँबुर्गमध्ये पॉल मॅकार्टनी या तरुणाने विकत घेतली, आणि बीटल्सची सुरुवातीची गाणी तिच्यावर वाजली. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचे हात लहान. त्यांनीही आखूड व बारीक दांडीच्या बास जवळ केल्या आणि तीस वर्षे जगातल्या सर्वांत गाजलेल्या मंडळींपैकी एकीत खर्ज सांभाळला. त्यांचा हात लहान म्हणून कोणी त्यांना दुसरे काही वाजवायला पाठवले नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल मात्र १९६०. त्या वर्षी फेंडर यांनी जाझ बास या नावाची दुसरी गिटार काढली. लांबी तीच, चौतीस इंच. पण नटापाशी दांडीची रुंदी दीड इंच. म्हणजे फक्त पाव इंचाने कमी! आपण म्हणाल, पाव इंचाने काय होते? चार तारांमध्ये अंतरे तीन. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडे अधिक. ते तीन अंतरांत वाटले गेले की प्रत्येक तार शेजारणीच्या दोन मिलिमीटर जवळ येते. पण खरा फरक तारांच्या अंतरात नाही, मनगटात आहे. बोटांपासून सर्वांत दूरची तार म्हणजे सर्वांत जाड, सर्वांत खालच्या खर्जाची. तिच्यापर्यंत पोहोचायला दांडीमागचा अंगठा खाली सरकवावा लागतो, मनगट पुढे काढून वाकवावे लागते. वाकलेल्या मनगटाने एक गाणे वाजवता येते, दहा गाणी वाजवता येतात, पण वरातीचे तीन तास वाजवता येत नाहीत. दांडी अरुंद झाली की मनगट सरळ राहू लागते.

आणखी एक चतुराई त्या गिटारीत आहे. दांडी नटाकडे अरुंद असली तरी घोडीकडे तारांची अंतरे नेहमीएवढीच, सुमारे एकोणीस मिलिमीटर. उजव्या हाताच्या बोटांना तारांमध्ये जागा पुरते. डाव्या हाताची सोय करताना उजव्याची गैरसोय झाली नाही. ज्या माणसाला स्वतः गिटार वाजवता येत नव्हती त्याने हे साधले, कारण वाजवणाऱ्यांचे ऐकण्याची सवय त्याला दुकानातच लागली होती असे मला वाटते.

मात्र एक भेद नीट ध्यानात ठेवला पाहिजे, आणि खरेदीला जाणारे इथेच चुकतात. अरुंद दांडी आणि आखूड दांडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब करून पाहू. चौतीस इंच लांबीवर पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर पाच इंचांहून थोडे अधिक भरते. तीस इंचांवर तेच साडेचार. बोटे ताणली जाऊन दुखत असतील तर दांडी अरुंद घेऊन फारसा उपयोग नाही, आखूड घ्यावी लागेल, नाहीतर सिमांड्लसाहेबांची तीन बोटांची रीत शिकावी लागेल. त्या रीतीने चौतीस इंचांवरही हाताला साडेतीन इंचच पसरावे लागते. याउलट मनगट आणि अंगठ्याचे मूळ दुखत असेल तर पाहायची ती रुंदी. आणि रुंदीबरोबर जाडी, म्हणजे पुढून मागेपर्यंतचा दांडीचा पल्ला. दीड इंच रुंद पण पाठीमागे ढेरी सुटलेली दांडी ही पावणेदोन इंची सपाट दांडीपेक्षा हाताला जास्त त्रास देते. जाहिरातीत रुंदी छापतात, जाडी क्वचितच छापतात. ती मुठीनेच पाहावी लागते. पाड्यावरच्या त्या म्हाताऱ्याने मूठ मिटून दाखवली ती उगीच नव्हे.

मोठ्या पंजाच्या माणसाला अरुंद दांडीचा जाच होतो, हेही सांगून टाकतो. जाड बोट एक तार दाबताना शेजारच्या तारेला लागते आणि ती उगाच भुणभुणते. असे लोक प्रिसिजन बासच पसंत करतात, आणि ते बरोबर आहे.

आता मुंबईकडे येऊ, कारण माझ्या शिक्षकांनी मला जे सांगितले ते का सांगितले असावे याचा उलगडा मला तिथे झाला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात पाश्चात्य वाद्ये आणली ती मुख्यत्वे गोव्याच्या माणसांनी. गोव्याच्या खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले मुंबईस येत, धोबी तलावाच्या बाजूला आपापल्या गावाच्या कूडमध्ये एक पेटी आणि एक वळकटी ठेवून राहत, हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांची नावे आता सर्वांना माहीत झाली आहेत. खर्जाला त्यांच्याकडे डबल बेसच असे. पुढे बास गिटार आली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी ती वाजवली, आणि सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या गाण्यांत तबल्याच्या डग्ग्याखाली जो एक धीरगंभीर, चालता खर्ज ऐकू येतो तो आपल्या कानांना इतका सवयीचा झाला की तो निराळ्या वाद्याचा आहे हेही आपल्या ध्यानात येईनासे झाले.

पण या वादकांना वाद्य निवडता येत होते काय? स्वातंत्र्यानंतर १९९१ च्या आर्थिक सुधारणांपर्यंत परदेशी मालावर परवान्यांची आणि जकातीची कडक बंधने होती. दुकानात दहा बास गिटारी टांगल्या आहेत आणि वादक एकेक हातात घेऊन दांडी चाचपतो आहे, हे दृश्य तेव्हा मुंबईत कुठून दिसणार? बोटीवरच्या कोणा ओळखीच्या माणसाने आणली तर आणली, एखादा परदेशी वादक जाताना विकून गेला तर गेला. जी मिळेल ती बास, जशी असेल तशी दांडी. हाताने तिच्याशी जुळवून घ्यायचे. ज्याचा हात जुळला तो वादक झाला, ज्याचा जुळला नाही त्याचा हात लहान ठरला. त्या काळात शिकलेला माणूस शिक्षक झाल्यावर विद्यार्थ्याला दुसरे काय सांगणार? वाद्य पक्के, हात कच्चा, हा त्याचा अनुभवच होता. माझे शिक्षक खोटे बोलले नाहीत. ते टंचाईच्या काळातले खरे बोलले. हे उमगल्यावर त्यांच्यावरचा माझा जुना राग गेला. स्वतःवरचा थोडा राहिला.

घांगळीत करणारा आणि वाजवणारा एक होते. मिरजेत ते समोरासमोर होते. कारखान्याने प्रथमच असे केले की वाद्य एका खंडात तयार होते आणि ज्या हाताने ते वाजणार तो हात दुसऱ्या खंडात, करणाऱ्याने कधी न पाहिलेला. तो कोणत्या हाताचे माप धरणार? कुठल्यातरी मधल्या, सरासरीच्या हाताचे. सरासरीचा हात चिखल्यात कोणाला आहे? फुलर्टनमध्ये तरी कोणाला होता?

असो. त्या मुलाला मी दोन आठवडे थांबायला सांगितले आणि आधी त्याची गिटार पाहिली. कुठल्याशा स्वस्त कारखान्याची, तिसऱ्या-चौथ्या हाताने आलेली. शिंप्याची टेप लावली. नटापाशी रुंदी पावणेदोन इंच, पाठ गोल आणि जाड. त्याहून वाईट म्हणजे दांडी धनुष्यासारखी वाकलेली. आमच्याकडची खारी, दमट हवा लाकडाला सोसत नाही, चार पावसाळे ती समुद्राकडच्या खोलीत टांगलेली. त्यामुळे तारा पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या होत्या की तार दाबायला पैलवानाचा अंगठा लागावा. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने पिळली की वाक निघतो. पण पिळणारा जाणता हवा; जास्त पिळली तर दांडी तडकते. पालघरला एक कारागीर मिळाला. त्याने सळई बेताने पिळली, नटाच्या खाचा थोड्या खोल केल्या, घोडी खाली घेतली. चारशे रुपये घेतले. मुलगा दुसऱ्या दिवशी सांगायला आला की निम्मी कळ गेली.

निम्मी राहिली ती दांडीच्या रुंदीची आणि जाडीची होती. तिला मात्र औषध नव्हते.

लग्नसराईतले पैसे त्याने साठवले होते. एका रविवारी आम्ही दोघे डहाणूहून लोकलने निघालो. २०१३ पासून ही लोकल थेट चर्चगेटपर्यंत जाऊ लागली, तिने आमच्याकडच्या पोरांवर केलेले उपकार एखाद्याने लिहायला हवेत. बरोबर टेप, आणि त्याच्या सांगण्यावरून त्याचा तो रुंद पट्टा. पट्टा का, तर दुकानात स्टुलावर बसून वाद्य जसे लागते तसे ते उभ्याने लागत नाही. पट्टा फार लांब सोडला की गिटार मांडीवर उतरते आणि तिथे अरुंद दांडीनेही मनगट मोडते. मंडळीतली पोरे ती गुडघ्यापर्यंत लोंबकळत ठेवतात, दिसायला बरी दिसते म्हणून. मी त्याला म्हटले, पोटाच्या वर घे. तो लाजला.

दुकानदाराने पहिल्यांदा नावाजलेली नावे पुढे केली. आम्ही म्हटले, नावे नंतर, आधी डोळे मिटून हात लावू द्या. हसला, पण त्याने देऊन पाहिली. मुलाने एकेक घेतली, डोळे मिटले, आणि पहिल्या पडद्यापाशी सर्वांत जाड तारेवर तर्जनी ठेवून करंगळी तिसऱ्या पडद्यावर नेली. ही जागा मी मुद्दाम सांगितली होती. इथेच दांडीची खरी परीक्षा होते, वरच्या पडद्यांवर सगळ्याच गिटारी गोड लागतात. मनगट वाकते की सरळ राहते ते मी बाजूने पाहत होतो. पाच-सहा गिटारींनंतर दोन उरल्या. एक तीस इंची आखूड. हलकी, हाताला अगदी लोण्यासारखी. दुसरी चौतीस इंची, दीड इंच दांडीची, जुनी, कोणीतरी वापरून विकलेली, पाठीचा रंग घासून गेलेला.

मला वाटत होते तो आखूड घेईल. त्याने दोन्ही ध्वनिवर्धकाला लावल्या आणि नुसती खालची तार छेडत राहिला. आखूड गिटारची ती तार थोडी सैल बोलत होती. लहान खोलीत गोड, पण त्याला वाजवायचे होते उघड्या मैदानात, समोर वरात आणि बाजूला ढोल. "सर, ही तिकडं ऐकू नाही येणार," तो म्हणाला, आणि त्याने घासलेल्या पाठीची गिटार उचलली. पुन्हा एकदा डोळे मिटून तेच दोन पडदे. मनगट सरळ होते. आधीचा मालक वाजवून वाजवून दांडी इतकी गुळगुळीत करून गेला होता की ती कोणाच्यातरी मुठीत मुरलेली वाटत होती.

त्याने पैसे मोजेपर्यंत मला काही काम नव्हते. ती तीस इंची आखूड गिटार स्टुलाला टेकून उभी होती. मी ती उचलली. पंचवीस वर्षांपूर्वी जी एक चाल मला कधीच जमली नव्हती, चारच स्वरांची, करंगळीने अडणारी, ती अनामिकेला विश्रांती देऊन, सिमांड्लच्या रीतीने हळूच वाजवून पाहिली. करंगळी पोहोचली. पुन्हा वाजवली, पुन्हा पोहोचली. मुलगा पावती खिशात घालीत माझ्याकडे पाहत होता.

"सर, तुमचा हात कुठं लहान आहे?"

दुकानदाराने न विचारता किंमत सांगितली. ती मी घरी अजून सांगितलेली नाही.